वुडचेस्टरची वटवाघळे: एका दीर्घ गणनेचा इतिहास

इंग्लंडातील ग्लॉस्टरशायरमध्ये वुडचेस्टर येथील एक भव्य वाडा एकोणिसाव्या शतकात अर्धवट बांधून सोडून देण्यात आला. त्याच्या माळ्यावर नालाकृती नाकाच्या मोठ्या वटवाघळांच्या माद्या उन्हाळ्यात प्रसूत होतात. रॉजर रॅन्सम यांनी १९५९ साली या वसाहतीचा अभ्यास आरंभिला आणि प्राण्यांस क्रमांकित कडी चढवून त्यांच्या पिढ्यांची नोंद ठेविली.

ज्या जातीची मादी वर्षास फार तर एकच पिल्लू देते आणि जिचे आयुष्य ३० वर्षांपर्यंत जाऊ शकते, तिच्याविषयी चार-पाच वर्षांच्या गणनेवरून अनुमान बांधणे धाडसाचेच होय. १९७५ च्या कायद्याने या जातीस संरक्षण लाभले होते; तथापि १९८६ च्या थंड, लांबलेल्या वसंतानंतर वसाहतीची संख्या कोसळली. येथे दोष मनुष्याच्या उपद्रवाचा नव्हता. थंडीमुळे कीटक उशिरा उडतात, गर्भाची वाढ मंदावते, पिल्ले विलंबाने जन्मतात आणि हिवाळ्यापूर्वी पुष्ट होत नाहीत. मागील पंचवीसहून अधिक वर्षांच्या नोंदी हाती नसत्या, तर हा संबंध सिद्ध करणे कठीण होते.

कोवळ्या पिल्लांचे मुख्य भक्ष्य शेणातील भुंगेरे. साहजिकच रॅन्सम यांचे लक्ष माळ्यावरून भोवतालच्या कुरणांकडे, आणि गुरांस दिल्या जाणाऱ्या जंतनाशक औषधांकडेही वळले.