पेंचचं पाणी आणि पंपावरचं इथेनॉल

आज पंपावर तुम्ही जे पेट्रोल भरता, त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते चांगलं की वाईट, यावर रील्स भरपूर आहेत. मी पारशिवनीतून बोलतोय, तर आपण हा इतिहास इथून बघू.

कल्पना जुनीच आहे. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चाललं होतं. आपल्याकडे पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायचा कायदा १९४८ मध्ये झाला. खरी सुरुवात मात्र २००१ ची. मिरज आणि मनमाडला प्रयोग झाले आणि २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत ५ टक्के मिश्रण आलं. त्याच काळात बायोडिझेलसाठी मोगली एरंडाचा गाजावाजा झाला. पडीक जमिनीवर, कमी पाण्यात येईल म्हणाले. झाड जगलं, पण पाण्याशिवाय बिया पुरेशा आल्याच नाहीत.

मग नागपूरची ग्रीन बस. ऑगस्ट २०१४ मध्ये इथेनॉलवरची बस शहरात धावली, देशातली पहिली. २०१८ मध्ये सेवा बंद पडली. कारण इंजिन नव्हतं, भांडण थकबाकीचं आणि कराराचं होतं. म्हणजे इंधन चांगलं असून भागत नाही, रोजचा हिशोबही जुळावा लागतो.

आता फायदे बघा. तेलाच्या आयातीवरचा खर्च वाचतो, साखर कारखान्याकडे पैसा येतो आणि उसाची बिलं लवकर निघू शकतात. धूरही थोडा स्वच्छ होतो. तोटे? इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज घटतं. मका इथेनॉलकडे वळला की कोंबड्यांचं खाद्य महागतं.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न पाण्याचा. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार उसापासून १ लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. आपल्या तालुक्यात नवेगाव खैरीला पेंचचं धरण आहे. त्याच पाण्यावर आपलं धान, नागपूरचं पिणं आणि वीज केंद्रं. जुलै २०१९ मध्ये नागपूरला एक दिवसाआड पाणी मिळत होतं. अशा ठिकाणी इंधनासाठी नवं तहानलेलं पीक लावा म्हणणं मला पटत नाही.

दुसरा रस्ता आहे, काडीकचऱ्याचा. पानिपतला २०२२ पासून धानाच्या तणसापासून इथेनॉल करायचा कारखाना आहे. पण पंजाब-हरियाणात जे तणस जाळलं जातं, ते आपल्याकडे बैल खातात, आणि पऱ्हाटी चुलीत जाते. इथे ‘कचरा’ म्हणण्याआधी घरच्या बाईला आणि गोठ्याला विचारावं लागेल.

म्हणून माझं मत साफ आहे. जे खरंच वाया जातं त्याचं इंधन करा, पण पेंचचं पाणी टाकीत ओतू नका. तुमच्या गावात पिकाचं काय उरतं आणि त्याचं पुढे काय होतं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.