पिसू, पाल आणि वाघोबा

उपनगरांच्या इतिहासाची सुरुवात कुणी रेल्वेपासून करतं, कुणी बिल्डरांपासून. माझ्या मते तीत पिसूलाही मानाचं पान हवं.

1896 साली मांडवीत प्लेग उपटला आणि मुंबई ओस पडू लागली. लाखो लोक गावी पळाले. ज्यांना नोकरी सोडवेना, त्यांतले काही माहीमची खाडी ओलांडून साष्टीत आले. आता ही मंडळी भीत कशाला होती? कुणी दूषित हवेला, कुणी गटाराला, आणि बरेचसे घरात घुसणाऱ्या सरकारी तपासनिसांना. पिसूला कुणीच भ्यालं नाही! बाई अंथरुणात सुखाने नांदत होत्या. उंदरावरची पिसूच रोग पसरवते हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये कराचीत दाखवलं, तेव्हाही पुष्कळांनी नाकच मुरडलं. भीती म्हणजे नवशिका पोस्टमन. दार जोरात ठोठावतो, पण शेजारच्याचं!

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत हा पोस्टमन अजून नोकरीत आहे. झुरळ दिसलं की तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी अशी किंकाळी फोडतात, की गुरखा शिट्टी वाजवतो. मग फवारणीवाला येतो. झुरळं चार दिवस माहेरपण करून परततात. मरतात ते कोळी आणि पाली, म्हणजे डास खाणारे आमचे बिनपगारी नोकर. आणि जो डास खरोखर माणसं मारतो, त्याला आम्ही टाळी वाजवून निरोप देतो!

बिबट्याचीही हीच गत. 2004 च्या सुमारास राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने त्याच्या हल्ल्यांत बरीच माणसं गेली. त्या घरांतल्या भीतीची थट्टा माझ्याने होणार नाही. पण उपाय काय, तर दिसला की पिंजरा, आणि नेऊन सोडा दुसरीकडे. बाहेर धरलेले बिबटेही इथे आणून सोडले जात. अनोळखी मुलखात टाकलेला बिबट्या तंटा वाढवतो, हे विद्या अत्रेय यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. 2011 पासून वनखात्याने नागरिकांना आणि अभ्यासकांना हाताशी धरून साधं सांगायला सुरुवात केली: कचरा उचला, म्हणजे कुत्री जमणार नाहीत, अंधारात पोरांना एकटं सोडू नका, बिबट्या दिसला तर गर्दी करू नका. हल्ले संपले नाहीत, पण खूप कमी झाले.

हे शहाणपण वारली पाड्यांवर जुनंच आहे. आरेत, उद्यानात वाघोबाची ठाणी आहेत. आपण म्हणतो, वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो. म्हणून आपण नुसतं 'वाघ' म्हणून मोकळे होतो. वारली 'वाघोबा' म्हणतो. भीती त्यालाही आहे, पण ती शेजाऱ्याची. शेजाऱ्याची येण्याजाण्याची वेळ, वाट, राग माणूस ओळखून असतो. भीती घालवायची नसते, तिला ओळख करून द्यायची असते.

नाहीतरी या रानाशी आपलं नातं नळाचं आहे. 1860 चा विहार आणि 1879 चा तुळशी हे तलाव त्याच्याच कुशीत. पाण्यासाठी भोवतालचं रान राखलं गेलं आणि त्यात बिबट्याचंही भागलं.

पुढच्या सभेत मी ठराव मांडणार आहे: फवारणीतून पाल वगळावी. अनुमोदक मिळणार नाही अशी भीती वाटते. या भीतीचा पत्ता मात्र अगदी बरोबर आहे!