गाळ आणि पाखरं

मोहालीतल्या नॉलेज सिटीतून, म्हणजे अगदी चंदीगडच्या शेजारून बोलतोय. आज लढाईचा इतिहास नाही. आज गाळाचा.

चंदीगडचा सुखना तलाव निसर्गानं दिलेला नाही. शिवालिकच्या टेकड्यांतून येणाऱ्या सुखना चो या पावसाळी ओढ्याला १९५८ साली बांध घातला, तेव्हा तो झाला. नगररचनाकार ल कॉर्बुझिए यांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला: बांधावर मोटार नको आणि पाण्यात मोटरबोट नको. शांतता त्यांना माणसांसाठी हवी होती. ती बदकांनाही मानवली.

पण शिवालिकची माती भुसभुशीत. दर पावसाळ्यात ओढा गाळ आणून ओतायचा. पाणलोटातली जमीन घेऊन तिथं झाडं लावली, गाळ अडवायचे उपाय केले, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की शहर श्रमदानाला लोटायचं. नव्वदच्या दशकात चंडीमंदिर छावणीत असताना मीही घमेली उचललीत. गाळ म्हणजे शत्रू, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. (फौजी माणसाला शत्रू ठरलेला असला की बरं वाटतं.)

निवृत्तीनंतर दुर्बीण पाखरांकडे वळली तेव्हा लक्षात आलं, ती बसतात ती याच गाळावर. खोल पाण्यात शेकाट्याचे पाय टेकत नाहीत. त्याला वीतभर पाणी आणि चिखलातले किडे लागतात.

आपल्याकडे निफाडजवळ नांदूर मध्यमेश्वरला हेच घडलं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजी अमदानीत बंधारा बांधला तो कालव्यांसाठी. कोपरगाव-राहात्याकडचा ऊस त्या पाण्यावर वाढला. पाखरांचा विचार कुणीच केला नव्हता. बंधाऱ्यामागे गाळ साठला, बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या आणि थंडीत हजारोंनी बदकं उतरू लागली. १९८६ साली ते अभयारण्य झालं आणि २०२०मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. योगायोग बघा, त्याच २०२०च्या मार्चमध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं सुखनाला ‘सजीव व्यक्ती’ मानलं.

आता पेच असा: गाळ काढला नाही तर तळं भरून जाईल, शेतकऱ्याच्या पाटाला पाणी कमी पडेल. सगळा काढला तर पाखरांच्या पायाखालची जमीन जाईल. मला विचाराल तर मधला गाळ काढा, काठ उथळ राहू द्या. आणि चैत्र-वैशाखात काठावर यंत्रं नकोत. त्या दिवसांत टिटवीची अंडी उघड्यावर, खड्यांसारखी पडलेली असतात. ट्रॅक्टरवाल्याला ती दिसायची नाहीत.

बदकं बघायला लोक डिसेंबरात जातात. तुम्ही एप्रिलमध्ये जा. पट्टकदंब हंस तोवर हिमालयापार निघून गेलेले असतात, गर्दीही नसते. सहाच्या आत पोहोचा, आठपर्यंत ऊन डोळ्यावर येतं. सुखनाला बोटींचा धक्का सोडून बांधाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा. पाणी जिथं संपल्यासारखं वाटतं, तिथं थांबा.