मांजर आणि मोकळीक

पाळलेले मांजर घरात कोंडून ठेवावे की त्यास मोकळे हिंडू द्यावे, हा प्रश्न आज शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत वारंवार चर्चिला जातो. पुष्कळांस तो केवळ हौसेचा वाटतो. परंतु आपल्या प्रांताच्या इतिहासात तो एके काळी जीवनमरणाचा होऊन बसला होता.

हिंगोली जिल्ह्यातील साखरा हे गाव घ्या. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, व उत्तरेस लागून असलेला वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात. कारभार दोन असले तरी कुणब्याचे घर एकच. ज्वारी कणगीत, बळदात किंवा पेवात. म्हणजे धान्य घरात, आणि म्हणून उंदीरही घरात. अशा घरी मांजर येते ते लाडासाठी नव्हे, कामासाठी. मांजर मारणे हे पातक मानून मनुस्मृतीने त्यास प्रायश्चित्त सांगितले. आणि ढोंगी पुरुषास ‘बैडालव्रतिक’ म्हणजे मांजरव्रती हे नावही त्याच ग्रंथाने दिले! आदर आणि संशय असे जोडीने नांदत आले आहेत.

1896 साली मुंबईत प्लेग प्रकटला व लवकरच देशभर पसरला. 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत दाखवून दिले की हा रोग उंदरावरील पिसवेमार्फत माणसास होतो. पुढे अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी गावोगावच्या मांजरांची गणती मनावर घेतली. जेथे मांजरे पुष्कळ तेथे प्लेग कमी, हा आपला निष्कर्ष त्यांनी 1908 साली लंडनच्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की त्यांचा हिशेब एका घराचा नसून गावाचा होता. एकाच घरी कोंडलेले मांजर त्या घरापुरते उंदीर हाकलील. ते शेजारी जातील. आळीभर फिरणारे मांजर मात्र साऱ्या आळीचे रक्षण करते.

तथापि या नाण्यास दुसरी बाजू आहे. मांजरास स्वतःलाही प्लेग होतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडील संस्थानांत 1977 ते 1998 या काळात मांजरापासून माणसास प्लेग झाल्याची 23 प्रकरणे नोंदली गेली. त्यांपैकी पाच माणसे दगावली. तेथे प्लेग घरच्या उंदरांत नव्हे, तर रानातील उंदीर-खारींत वसत होता. मांजर बाहेर जाई, शिकार करी आणि रोग घरी आणी. हा रोग गतकाळात जमा झाला असेही नाही. 1994 साली आपल्याच मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातील मामला या गावी, त्याची भीती पुन्हा उभी राहिली होती.

हे दोन दाखले परस्परविरोधी भासतात, पण तसे ते नाहीत. शत्रू उंबरठ्याच्या आत असेल तर मांजर रक्षक ठरते. तो बाहेर असेल तर तेच मांजर त्याचे वाहन बनते. म्हणून ‘मोकळे की कोंडलेले’ या प्रश्नाचे उत्तर मांजराच्या स्वभावात शोधू नये. ते उंदराच्या वस्तीत शोधावे. शहरातील सदनिकेत कणगी नाही आणि बळदही नाही. तेथे हिंडणाऱ्या मांजराच्या वाट्यास मोटारी, कुत्री व दुखणी येतात, आणि पाखरांच्या वाट्यास मांजर येते. तेथे त्यास घरात ठेवावे, खेळास व चढण्यास जागा द्यावी, हेच न्याय्य.

साखऱ्यासारख्या गावी जेथे धान्य अजून घरी साठते, तेथे मांजराचा संचार रास्त आहे. परंतु त्याबरोबर एक कर्तव्य येते. आज आपण उंदरांसाठी विष मांडतो, आणि विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही मरू शकते. एका हाताने त्यास गावभर पहारा करावयास सोडायचे व दुसऱ्या हाताने त्याच्या अन्नात विष कालवायचे, हा व्यवहार सचोटीचा नव्हे. ज्या गावास मोकळे मांजर हवे, त्याने विष आवरले पाहिजे. ज्यास विषावाचून गत्यंतर नाही, त्याने तेवढे दिवस तरी मांजर घरात ठेवावे. गावाची चाकरी करणाऱ्या प्राण्याचे गाव इतके तरी देणे लागते.