अंजनवेल ते ह्यूस्टन: एन्रॉनची घटिका

आरे-वारेहून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला निघाले की गणपतीपुळे, मालगुंड, जयगड आणि खाडी ओलांडली की तवसाळ. तिथून गुहागर तालुका लागतो. त्याच्या वरच्या टोकाला, वाशिष्ठीच्या मुखाशी अंजनवेल. ह्यूस्टनच्या एन्रॉन कंपनीने इथे वीजप्रकल्प उभारला होता. 2 डिसेंबर 2001 रोजी ती दिवाळखोरीत गेली तेव्हा अमेरिका हादरली. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात मात्र तिची घटिका भरत आल्याची चिन्हे कधीची दिसत होती.

8 डिसेंबर 1993
राज्य वीज मंडळ आणि एन्रॉनची दाभोळ पॉवर कंपनी यांच्यात वीज खरेदी करार. वीज घ्या वा घेऊ नका, स्थिर आकार भरायचाच, आणि देण्याचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. त्याच वर्षी जागतिक बँकेने या प्रकल्पाला पैसा द्यायला नकार दिला होता. पुढे पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेने कराराचा हिशेब मांडून धोका दाखवला. ज्यांनी वाचायला हवे होते, त्यांनी तो वाचला नाही.

ऑगस्ट 1995 ते मे 1996
शिवसेना-भाजप युती सरकारने 3 ऑगस्टला प्रकल्प रद्द केला. नोव्हेंबरात एन्रॉनच्या रिबेका मार्क बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या आणि जानेवारीत प्रकल्प परत आला, तोही दोन्ही टप्पे मिळून 2184 मेगावॉटचा. मे महिन्यात तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने जाता जाता केंद्राच्या प्रतिहमीवर, म्हणजे देणी थकली तर केंद्र भरेल या हमीवर, शिक्कामोर्तब केले.

3 जून 1997, पहाटे
वेलदूरचा कोळीवाडा. पुरुष मासेमारीला गेलेले. पोलिसांनी दारे फोडून झोपलेल्या बायकांना बाहेर ओढले, मारहाण केली, अटक केली. त्यांत एक गरोदर होती. गुन्हा काय, तर प्रकल्पाला विरोध. ॲम्नेस्टी आणि ह्यूमन राइट्स वॉच या संघटनांनी हे जगापुढे मांडले. एन्रॉनच्या पतनाचा इतिहास बहुतेक ठिकाणी ताळेबंदापासून सुरू होतो. माझ्या लेखी तो या पहाटेपासून सुरू व्हायला हवा.

28 जानेवारी 2001, रविवार: तीन तास
पहिला टप्पा मे 1999 पासून नाफ्थ्यावर चालत होता. नाफ्था महागला, डॉलर वधारला. महाग वीज मंडळ कमी घेऊ लागले. आणि कमी घेतली की स्थिर आकार थोड्याच युनिटांवर पडून दर आणखी चढे. 2000 च्या अखेरीस काही महिन्यांत युनिट सात रुपयांच्या पुढे गेले.

त्या रविवारी मंडळाने करारातलेच कलम काढले. थंड संच तीन तासांत पूर्ण क्षमतेवर आणण्याची हमी कंपनीने दिलेली होती. मंडळाने वीज मागितली आणि घड्याळ लावले. वायूचे टर्बाइन चटकन सुरू होते, पण थंड पडलेले वाफेचे टर्बाइन सावकाश तापवावे लागते; घाई केली तर धातूवर ताण येतो. तीन तास उलटले, पुरी वीज आली नाही. मंडळाने 401 कोटी रुपयांचा दंड लावला आणि थकलेली बिले त्यातून वळती केल्याचे कळवले. कंपनीने दंड मानला नाही.

6 फेब्रुवारी ते 29 मे 2001
कंपनीने केंद्राची प्रतिहमी वटवायला काढली. मेमध्ये मंडळाने करार मोडला, वीज घेणे थांबवले आणि अंजनवेलचा प्रकल्प बंद पडला. दुसऱ्या टप्प्याचे काम बरेचसे होत आलेले, तेही अडकले.

28 नोव्हेंबर, बुधवार: उरले चार दिवस
आता ह्यूस्टन. ताळेबंदातली लपवाछपवी बाहेर आली होती. पतमानांकन संस्थांनी एन्रॉनचे रोखे कचऱ्याच्या श्रेणीत टाकले. कंपनी विकत घ्यायला निघालेल्या डायनेजीने अंग काढून घेतले. वर्षभरापूर्वी नव्वद डॉलरच्या आसपास गेलेला शेअर त्या दिवशी 61 सेंटवर बंद झाला.

2 डिसेंबर, रविवार
न्यूयॉर्कच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज.

3 डिसेंबर, सोमवार
ह्यूस्टनच्या सुमारे 4000 कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. अनेकांना अर्ध्या तासात इमारत सोडायला सांगितले. निवृत्तीची पुंजी एन्रॉनच्याच शेअरमध्ये ठेवलेली साधी माणसे त्यांत होती.

अंजनवेलची यंत्रे 2006 पर्यंत बंद राहिली. त्याच वर्षी अमेरिकेत एन्रॉनचे माजी प्रमुख केनेथ ले आणि जेफ्री स्किलिंग दोषी ठरले. या प्रकल्पासाठी महाराष्ट्राने नेमलेल्या न्यायमूर्ती कुर्डूकर आयोगाची चौकशी मात्र न्यायालयीन वादात अडकली आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केले. करारावर सह्या करणाऱ्यांपैकी एकालाही शिक्षा झाली नाही.