सोननाकाचा रस्ता कुठाय?

रशियाच्या भीतीनं इंग्रजांनी १८७८ साली अफगाणिस्तानात फौजा घुसवल्या. भीती त्यांची, मरायला माणसं आपली. मुंबई फौजेच्या १९व्या पलटणीत सोननाक तननाक शिपाई होता. नावातला ‘नाक’च जात सांगतो. १६ एप्रिल १८८० ला दुब्राईच्या चौकीवर तीनशेवर शत्रू चालून आला. मेजर वॉडबी, इलाहीबक्ष आणि सोननाक तीन तास लढले. काडतुसं संपली तसे बाहेर पडून लढत मेले.

तिकडं विलायतेत याच लढाईवरनं निवडणुकीत भांडण पेटलं होतं. तिच्यावर तुटून पडलेला ग्लॅडस्टन त्याच महिन्यात पंतप्रधान झाला. १८८१ ला इंग्रजांनी कंदाहार सोडलं. पुढं १९७९ ला रशिया शिरला, २००१ ला अमेरिका. तेही गेले. मग सोननाक मेला कशापायी?

मुंबईत फोर्टात वॉडबीच्या नावाचा रस्ता झाला. स्वातंत्र्यानंतर तो हजारीमल सोमाणींचा झाला. सोननाकाचा कधीच नव्हता. उलट १८९० नंतर सरकारनं महारांची भरतीच बंद केली; म्हणे ही लढाऊ जात नव्हे! गोपाळबाबा वलंगकरांना १८९४ ला त्यासाठी अर्ज लिहावा लागला.

नवापूर-बोईसरकडनं चर्चगेटला उतरणाऱ्या भावांनो, त्या रस्त्यानं जाल तेव्हा सोननाकाचं नाव घ्या. आपल्याबिगर ते कोण घेणार?