अझेलियाच्या नावावर आलेलं झाड

अझेलिया विदर्भातल्या उमरेडला टिकत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं बोलायला मोकळं. थंडीत कुणी हौसेने कुंडी आणतो, जानेवारीत ती फुलांनी भरते, एप्रिलात पानांच्या कडा करपायला लागतात आणि नवतप्याच्या आत कुंडीत नुसत्या काड्या उरतात. यात आणणाऱ्याचा दोष नाही. अझेलियाला आंबट माती लागते, साडेचार ते सहा सामूची. उमरेडकडची काळी माती चुनखडीची, सामू साडेसात-आठच्या घरात, आणि बोअरचं पाणीही तसंच जड. अशा मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यात अझेलियाची मुळं केसांसारखी बारीक, मातीच्या वरच्या थरातच पसरलेली. ती एक दिवसही सुकलेली चालत नाहीत. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या दुपारी ती कशी जगवणार?

तरीही उमरेडच्या ओट्यांवर, गच्चीवर, दुकानांच्या पायऱ्यांशी ऐन उन्हाळ्यात गुलाबी-लाल कर्ण्यासारख्या फुलांनी लगडलेलं एक बुटकं झाड दिसतं, आणि रोपांच्या गाडीवर त्याला कधीमधी अझेलियाच म्हणतात.

“हे कोणतं हो भाऊ?”

“अझेलिया व्हय ताई. न्या बिनधास्त, पाणी नाही लागत याले.”

शेवटच्या वाक्यात सगळं आलं. पाणी न लागणारी अझेलिया जगात नाही. गाडीवरचं झाड अडेनियम आहे.

ही गल्लत गाडीवाल्याने केलेली नाही. इंग्रजी रोपबाजारात अडेनियमला ‘मॉक अझेलिया’, म्हणजे तोतया अझेलिया, असं नाव पूर्वीपासून आहे. लांबून बघितलं तर तसं वाटतंही: बुटकं झुडूप, पाच पाकळ्यांचं पसरट फूल, गुलाबीच्या सगळ्या छटा, आणि बहर आला की पानं झाकून टाकण्याची सवय. कुळं मात्र पार वेगळी. अझेलिया ही हिमालयातल्या बुरांसची, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची घरची. या घराण्याचं एक झाड नीलगिरीत आहे, आपल्या सह्याद्रीत नाही. अडेनियम कण्हेरीच्या कुळातलं. चाफा, तगर, सदाफुली, बिट्टी आणि बांधावरची रुई हे त्याचे नातेवाईक. म्हणजे विदर्भाच्या उन्हात ज्यांचं काही बिघडत नाही अशी ही मंडळी.

अझेलियाच्या घरातही नावाचे घोळ कमी नाहीत. लिनियसने १७५३ साली अझेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉन अशा दोन प्रजाती केल्या. फरक मुख्यतः पुंकेसरांचा: पाच असले की अझेलिया, दहा असले की ऱ्होडोडेंड्रॉन. मोजदाद वाढत गेली तशी अधलीमधली झाडं सापडू लागली, आणि १८३४ साली जॉर्ज डॉन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने दोन्ही घरं एक करून टाकली. तेव्हापासून शास्त्राच्या वहीत अझेलिया नावाची प्रजाती नाही. बागकामात ते नाव राहिलं ते राहिलंच. लिनियसच्या यादीत एक ‘अझेलिया इंडिका’ होती, तीही भारतातली नव्हे, मूळची जपानची. डच लोक पूर्वेकडून जे जे आणत ते सगळं युरोपात ‘इंडिका’ व्हायचं.

अडेनियमची कागदोपत्री कथा सुरू होते ४ जानेवारी १७६१ रोजी, कोपनहेगनच्या बंदरात. डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याने अरबस्तानाचा अभ्यास करायला एक मोहीम पाठवली. जहाज निघालं, उत्तर समुद्रातल्या वादळांनी ते पुन्हा पुन्हा मागे रेटलं, आणि त्याच दिवसांत इकडे १४ जानेवारीला पानिपत झालं. जहाजावर सहाजण होते. भाषापंडित फॉन हावेन, वनस्पतिशास्त्रज्ञ फॉर्सकोल, मोजणीदार नीबुर, डॉक्टर क्रामर, चित्रकार बाउरेनफाइंड आणि नोकर बर्गग्रेन. पेहर फॉर्सकोल लिनियसचा शिष्य, वय तिशीच्या आतलं, हट्टी आणि भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध. सुमारे वर्षभर इजिप्तमध्ये काढून मंडळी १७६२च्या अखेरीस येमेनच्या किनाऱ्यावर उतरली. १७६३च्या वसंतात फॉर्सकोल कॉफीच्या डोंगरउतारांवर हिंडत होता.

येमेनच्या त्या कोरड्या मुलखात त्याला हे झाड भेटलं. खोड बुडाशी फुगलेलं, फांद्या तोकड्या, टोकाला पानांचे झुबके आणि फूल कण्हेरीसारखं. त्याने त्याला कण्हेरीच्याच प्रजातीत घातलं आणि नाव दिलं नेरियम ओबेसम, सरळ भाषेत लठ्ठ कण्हेर. बारसं करणाऱ्याने नातं पहिल्या नजरेत ओळखलं होतं. बाजाराने नंतर भलतंच कुळ चिकटवलं.

त्यानंतर मोहिमेची वाताहत झाली. मेमध्ये फॉन हावेन मोखा बंदरात वारला. ११ जुलै १७६३ रोजी यरीम गावी हिवतापाने फॉर्सकोल गेला, एकतिसाव्या वर्षी. उरलेले चौघे ऑगस्टमध्ये मोख्याहून मुंबईच्या जहाजावर चढले. वाटेत समुद्रावरच चित्रकार गेला, पाठोपाठ नोकर गेला. सप्टेंबरात मुंबईला पोचले दोघे, आणि पुढच्या फेब्रुवारीत डॉक्टर क्रामरने मुंबईतच डोळे मिटले. राहिला एकटा कार्स्टन नीबुर. तेव्हा पुण्यात थोरल्या माधवरावांची कारकीर्द चालू होती. नीबुर वर्षभराहून जास्त काळ मुंबईत राहिला. घारापुरीला जाऊन त्याने लेण्यांची मोजमापं घेतली, नकाशा आणि चित्रं काढली. युरोपाला घारापुरीची नीट ओळख झाली ती बरीचशी याच चित्रांतून. १७६४च्या डिसेंबरात तो मुंबईहून निघाला आणि १७६७ साली कोपनहेगनला परतला.

मेलेल्या सोबत्याच्या टिपणांची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडली होती. नीबुर वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता, तरी त्याने ती पार पाडली आणि १७७५ साली फॉर्सकोलचा इजिप्त-अरबस्तानच्या वनस्पतींचा ग्रंथ छापून काढला. लठ्ठ कण्हेर जगापुढे आली ती त्यात. सगळी मोहीम मेली, एक माणूस आणि कागद वाचले, म्हणून आज या झाडाच्या शास्त्रीय नावात फॉर्सकोलचं नाव लागतं. लिनियसनेही शिष्याची आठवण ठेवली, पण आपल्या पद्धतीने: कपड्यांना चिकटून सुटता न सुटणाऱ्या एका रानटी रोपाला त्याने फॉर्सकोलचं नाव दिलं. आजच्या भाषेत याला टोमणाच म्हणतील.

१८१९ साली रोमर आणि शुल्टेस या दोघांनी लठ्ठ कण्हेरीला कण्हेरीतून काढून स्वतंत्र प्रजाती दिली. एडनच्या नावावरून ती अडेनियम, आणि ‘ओबेसम’ तसंच मागे राहिलं. रानात हे झाड येमेन-ओमानपासून लाल समुद्र ओलांडून सुदान, केनिया आणि पार पश्चिमेला सेनेगलपर्यंत पसरलेलं आहे. आफ्रिकेत त्याच्या चिकाने बाण विषारी करत. त्यातलं विष कण्हेरीसारखंच, थेट हृदयावर जाणारं. अझेलियाचं घराणंही या बाबतीत सोवळं नाही. इसवीसनापूर्वी ४०१ साली काळ्या समुद्राकाठी झेनोफनचे ग्रीक सैनिक तिथला मध खाऊन झिंगून पडले. तो मध याच कुळातल्या फुलांचा मानतात. तेव्हा दोन्हींपैकी कुठलंही घरी असलं तरी लहान मूल पान तोंडात घालणार नाही एवढं बघावं, आणि अडेनियमची फांदी छाटली की हात साबणाने धुवावेत.

आता ओळख. फूल लांबून फसवतं, म्हणून एक फूल तोडून ब्लेडने उभं चिरावं. अझेलियाच्या फुलात पुंकेसर लांब, वाकदार, पाकळ्यांच्या बाहेर डोकावणारे. ते शोधायला चिरावंही लागत नाही. अडेनियमच्या फुलात बाहेर फारसं काही दिसत नाही. नळी उघडली की आत पाच परागकोश एकमेकांना चिकटून झालेला छोटा शंकू सापडतो आणि प्रत्येकाच्या शेंड्याला केसासारखा लांब धागा. परागकण या शंकूच्या आत बंद. म्हणूनच कुंडीतल्या अडेनियमला आपोआप शेंग फारशी धरत नाही. रोपवाटिकेत हा शंकू उघडून बारीक कुंचल्याने परागण करावं लागतं. फूल नसेल तर पान तोडावं. चीक आला तर अडेनियम. अझेलियाच्या पानावर बहुधा लव असते आणि तोडल्यावर चीक येत नाही. बूड फुगलेलं असेल तर प्रश्नच मिटला. शेंग धरलीच तर अडेनियमची जोडीने येते, बैलाच्या शिंगांसारखी. अझेलियाला लहानशी बोंडी येते आणि तिचं बी धुळीएवढं बारीक असतं.

येमेनचं साधं गुलाबी झाड उमरेडच्या गाडीवर इतक्या रंगांत कसं आलं, याचं उत्तर थायलंड आणि तैवानमध्ये आहे. गेल्या काही दशकांत तिथल्या बागायतदारांनी संकर करून करून काळपट लाल, पिवळी, पट्ट्यापट्ट्यांची, दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची फुलं काढली. अशा वाणाची फांदी बियाण्यापासून वाढवलेल्या जाड बुडाच्या रोपावर कलम करतात. पूर्वी कण्हेरीच्या खुंटावरही कलमं बांधत. ती जोमाने वाढत, पण लोकांना हवं असलेलं गरगरीत बूड त्यांत येत नसे, म्हणून ती मागे पडली. आपल्याकडे महाराष्ट्रातल्या आणि आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या कडियमच्या रोपवाटिकांनी हे झाड गावोगाव पोचवलं.

कुळ एकदा कळलं की संगोपन अर्धं आपोआप येतं. वैदर्भीय माणूस कुंडी उन्हातून सावलीत नेतो ती मेमध्ये. अडेनियमचं उलट आहे. मेचं ऊन त्याला हवंच, बहर तेव्हाच असतो. सांभाळायचं ते पावसाळ्यात. इथे पाऊस हजार मिलिमीटरच्या पुढे, आणि झड लागली की तीन-तीन दिवस थांबत नाही. शुद्ध काळ्या मातीत लावलेलं अडेनियम अशा झडीत हमखास सडतं, कारण ही माती पाणी धरून बसते आणि फुगलेल्या बुडात आधीच पाणी भरलेलं असतं. म्हणून काळी माती घ्यायचीच तर मूठभर. बाकी जाड वाळू, वीटभट्टीवरचा विटांचा चुरा, भाताचं जळकं तूस आणि चांगलं मुरलेलं शेणखत. कुही-भिवापूरकडे भात होतो, तेव्हा तूस मिळायला अडचण नाही. कुंडीच्या तळाची भोकं मोठी हवीत, आणि झड लागली की कुंडी पत्र्याखाली सरकवावी.

बुडावर अंगठा दाबून बघण्याची सवय लावून घ्यावी. टणक लागलं तर ठीक. उन्हाळ्यात थोडं दबलं तर तहान आहे, पाणी दिलं की भरून येतं. पावसाळ्यात मऊ आणि ओलं लागलं तर कुजतंय. मग वेळ घालवू नये. झाड उपटून कुजका भाग पांढरा निरोगी गर लागेपर्यंत कापून टाकावा, हळद किंवा बुरशीनाशक लावून झाड चार-आठ दिवस सावलीत उघडं सुकू द्यावं आणि मग कोरड्या मिश्रणात लावावं. दिसायला हे क्रूर आहे, पण या झाडाला सुकणं मानवतं.

डिसेंबरात रात्रीचा पारा दहाच्या आसपास गेला की पानं गळतात. घाबरून पाणी घालणारे इथेच झाड घालवतात. ते झोपलेलं असतं. फेब्रुवारीच्या शेवटी छाटणी आणि कुंडीबदल करावा. त्या वेळी झाड दर वेळेपेक्षा बोटभर वर बसवलं की वरची मुळं उघडी पडून जाडावतात, आणि लोक ज्याला बोन्साय समजतात ते रूप हळूहळू तयार होतं. एप्रिलात लाल कोळी बघावा, एरवी पिठ्या ढेकूण. पावसाळ्यात कधी कण्हेरीवरची मोठी हिरवी अळी येऊन एका रात्रीत पानं फस्त करते. कुळाची खूण तिलाही बरोबर पटलेली असते. उमरेडच्या कोळसा खाणीच्या रस्त्यालगत राहणाऱ्यांनी पानांवरची काळी धूळ अधूनमधून धुवावी, मात्र सकाळी, म्हणजे बूड दिवसभरात वाळेल.

कलमी झाडावर कलमाच्या गाठीखालून फुटलेली फांदी ताबडतोब काढावी. ती खुंटाची असते, जोराने वाढते, आणि दोन वर्षांत वरचा महागडा वाण गिळून टाकते. नंतर मालक म्हणतो, लाल आणलं होतं, गुलाबी झालं. आणि चुकून शेंग धरली तर पिकायच्या आधी तिला दोऱ्याने गुंडाळून ठेवावं. या बीच्या दोन्ही टोकांना केसांचा झुपका असतो, शेंग तडकली की उन्हाच्या वाऱ्याबरोबर ते गल्लीभर होतं. ताजं बी उबदार दिवसांत आठवडाभरात उगवतं. रोप आईसारखं निघेल याची खात्री नाही. फूल येईपर्यंत, म्हणजे वर्ष-दीड वर्ष, कुंडीवर वाणाचं नाव लिहायची घाई करू नये, नुसतं अडेनियम लिहिलं तरी पुष्कळ.